पूर्णविराम कुठे द्यायचा?

वाचकहो, हातातला फोन आणि मनातलं समाधान या विषयावर गेल्या महिन्यात तुमचे प्रश्न मागवले होते. ई-मेलवरच्या वेळा पाहिल्या, तर निम्म्याहून जास्त पत्रं रात्री साडेअकरा ते दोनच्या मधली. वेळ बघूनच जीव कळवळला.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधी सांगते. २४ वर्षं मुद्रितशोधन केलं, म्हणजे पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांची प्रुफं वाचली, आणि मग या सदराकडे आले. एका ओळीवर नजर ठेवून बसणं हेच माझं काम होतं. त्यामुळे नजर ओळीवरून कशी निसटते, हे मला थोडंफार ठाऊक आहे. त्या भरवशावर लिहिते.

प्रश्न : ताई, माझं वय ३६. नोकरी बरी आहे, घरात सगळे धडधाकट आहेत, डोक्यावर मोठं कर्ज नाही. तरी रात्री पाठ टेकली की फोन हातात येतो. ‘ही शेवटची रील’ म्हणता म्हणता दीड वाजतो. मजा येते म्हणावं तर तीही येत नाही. सकाळी स्वतःचाच राग येतो. माझी इच्छाशक्ती कमी पडते का?

उत्तर : ‘मजा येते म्हणावं तर तीही येत नाही’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. दुखणं तिथेच आहे. मजा येत असती तर कधीतरी मन भरलं असतं आणि फोन आपोआप खाली ठेवला गेला असता.

इच्छाशक्तीचं बोलण्याआधी थोडं मागे जाऊ. पूर्वी इंटरनेटवरचं पान संपायचं. तळाशी ‘पुढील पान’ असं लिहिलेलं असायचं आणि तिथे क्लिक करावं लागायचं. क्लिक करण्याआधी क्षणभर हात थांबायचा आणि माणूस स्वतःलाच विचारायचा, अजून बघायचंय का? २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने हा थांबाच काढून टाकणारी रचना केली. बोट वर सरकवत राहा, खालून नवं येत राहील. लोकांचा क्लिक करण्याचा त्रास वाचावा, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे त्याचे परिणाम पाहून त्यांनी स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली. पण तोवर पानाचा तळच नाहीसा झाला होता.

दुसरी गोष्ट कबुतरांची. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना बटणावर चोच मारायला शिकवलं. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावर कबूतर थोड्या वेळात नाद सोडतं. पण दाणा कधी तिसऱ्या खेपेला, कधी तिसाव्या खेपेला असा बेभरवशाने मिळत असेल, तर ते टोचतच राहतं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. सात रील भिकार आणि आठवीला खरंच पोट धरून हसू येतं, त्या आठवीसाठी आपण पुढच्या पन्नास बघतो.

म्हणजे रात्री तुमच्या हातात जे असतं त्याला शेवट नाही, आणि पुढच्या खेपेला काहीतरी मिळेल ही आशा सुटत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाने मध्यरात्री या दोन्हींशी एकट्याने झुंजावं आणि हरल्यावर स्वतःला दुबळं म्हणावं, हे मला मान्य नाही. तुम्ही दुबळे नाही आहात. चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी लढताय.

समाधान हा शब्द जरा उलगडून बघा. सम् आणि आ हे उपसर्ग आणि धा हा धातू, म्हणजे नीट एकत्र आणून ठेवणं. आपण शंकेचंही समाधान करतो, आणि ते झालं की शंका उरत नाही. काहीतरी पुरं होणं या शब्दातच आहे. जे पुरंच होत नाही त्यातून समाधान मिळावं, ही अपेक्षा घेऊन आपण रोज रात्री बसतो.

प्रुफं वाचताना आमची एक साधी युक्ती असायची. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची पट्टी वाचायच्या ओळीखाली धरायची, म्हणजे पुढच्या ओळी झाकल्या जातात आणि नजर पळत नाही. माझी पट्टी हाताच्या घामाने कडेला काळपट झाली होती, तरी मी ती बदलली नाही. दुसरा एक नियम आमच्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांनी घालून दिला होता : १६ पानांचा फॉर्म, म्हणजे पुस्तकाचा एकत्र छापला जाणारा भाग, वाचून झाला की पेन्सिल खाली ठेवायची, फॉर्मवर तारीख घालून सही करायची आणि उठायचं. पाणी प्या, खिडकीबाहेर बघा, काहीही करा, पण पुढचा फॉर्म लगेच ओढायचा नाही. काम तुंबलेलं असायचं तेव्हा मला हा नियम जाचक वाटायचा. नोकरी सुटल्यावर कळलं की संध्याकाळी घरी जाताना जे भरल्यासारखं वाटायचं, ते त्या सह्यांमुळे. चार फॉर्म झाले, हे हाताला माहीत असायचं.

सोफी लरॉय या संशोधक महिलेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला लागलं, की लक्षाचा काही भाग पहिल्यालाच चिकटून राहतो. दिवसभर आपण हेच करतो, आणि रात्री तो सगळा चिकटा घेऊन अंथरुणावर पडतो. त्यावर उतारा म्हणून पुन्हा न संपणारी गोष्टच उघडतो.

म्हणून फोन सोडा असं मी म्हणत नाही. निजण्याआधी शेवट असलेलं काहीतरी हातात घ्या. एक कथा, एक शब्दकोडं, एखाद्या रागाची एकच बंदिश, अगदी सिनेमासुद्धा चालेल. त्याला शेवट आहे. फोन चार्जिंगला लावा तो अंथरुणातून उठून जावं लागेल इतक्या लांब. गजरासाठी फोन उशाशी लागतो असं म्हणाल, तर साधं गजराचं घड्याळ घ्या. पहिले काही दिवस हात उशीखाली चाचपडेल. माझाही चाचपडायचा. आणि एक : २०१८ पासून फोनमध्ये कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते दाखवायची सोय आली आहे. ते आकडे आठवड्यातून एकदा पाहा. रोज बघू नका, नाहीतर तोही एक नाद होऊन बसतो.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिचं पहिलं पाऊल, पहिला शब्द, शाळेचा पहिला दिवस, सगळं मी फोनमध्ये टिपलंय. ११ हजारांवर फोटो आहेत. परवा तिने विचारलं, “आई, मी पहिल्यांदा चालले तेव्हा तू काय केलंस?” मला तो व्हिडिओ डोळ्यांपुढे आला, पण तो क्षण काही केल्या आठवेना. माझं काय हरवलं, ते तुम्ही सांगाल का?

उत्तर : तेव्हा तुम्ही चौकट सांभाळत होतात. लेक चौकटीबाहेर जाऊ नये, हात हलू नये, बोट मध्ये येऊ नये. ते प्रेमच होतं, त्यात कमीपणा मानू नका.

मात्र याचा अभ्यास झालेला आहे. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयातून फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही नुसत्या बघायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवत होते. मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन, झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांच्या आठवणीत अशी घट दिसली नाही. म्हणजे कॅमेऱ्यामागेही माणूस खरोखर बघत असेल, तर स्मरण शाबूत राहतं. ‘फोनमध्ये आलं, आता मला लक्षात ठेवायला नको’ असं मन परस्पर ठरवून टाकतं, तिथे आठवण गळते.

पुढच्या वेळी पहिला अर्धा मिनिट टिपा आणि फोन खिशात घाला. उरलेलं डोळ्यांनी बघा. पण तुमचा प्रश्न झालेल्या गोष्टीचा आहे, म्हणून मी आणखी एक सांगते. तो चालण्याचा व्हिडिओ पुन्हा लावा आणि डोळे मिटून नुसता ऐका. त्यात तुमचा आवाज असेल. तुम्ही तिला हाक मारली असेल, श्वास रोखला असेल, हसला असाल, कदाचित आवाज कापला असेल. लेकीने नेमकं हेच विचारलंय : तू काय केलंस? उत्तर तिथे आहे. ते ऐकल्यावर तिला जवळ घेऊन सांगा.

आणि त्या ११ हजारांतले ५० निवडायला तिलाच बसवा. कुठले ठेवायचे, ते तिला ठरवू द्या. प्रत्येक फोटोत जे आलं नाही ते सांगत जा. कोण मागे उभं होतं, त्याआधी काय झालं होतं. एका बैठकीत उरकू नका, वर्ष लागलं तरी लागू द्या.

प्रश्न : ध्यानासाठी मी एक ॲप वापरते. सलग २१४ दिवस झाले. परवा अंगात ताप असताना रात्री ११.५० ला उठून दहा मिनिटं बसले, साखळी तुटू नये म्हणून. मन शांत होण्याऐवजी धास्ती वाटते. बंद करू का?

उत्तर : ध्यान चालू ठेवा, मोजणी बंद करा. साखळी आज मुद्दाम तोडा आणि उद्या पुन्हा बसा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्यांच्यासमोर जुन्या, न हटणाऱ्या दुखण्यांचे रुग्ण होते. शरीरात आत्ता काय चाललंय ते न्याहाळायला ते त्यांना शिकवत होते. तुमचं शरीर त्या रात्री ‘पडून राहा’ म्हणत होतं. ते ऐकून पडून राहिला असतात, तर तेच ध्यान झालं असतं.

प्रश्न : वय २७. माझ्याबरोबर शिकलेल्यांच्या बढत्या, घरं, लग्नं, प्रवास रोज समोर येतात. बघायच्या आधी मी ठीक असते, बघितल्यावर माझंच सगळं उणं वाटायला लागतं. सगळी खाती काढून टाकली तर सुखी होईन का?

उत्तर : थोडी व्हाल. मी ‘थोडी’ म्हणते कारण हे खरोखर करून पाहिलेलं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला आणि तो बराचसा इंटरनेटबाहेर, टीव्ही बघण्यात आणि घरच्या आणि मित्रमंडळींच्या सोबतीत गेला. मनःस्थिती सुधारली, पण किंचित. बातम्यांची माहितीही कमी झाली. आणि महिना संपल्यावर मुभा असूनही त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीपेक्षा कमी वापर केला. मला ही शेवटची गोष्ट बोलकी वाटते. दूर गेल्यावर कळतं की आपल्याला ते तितकं नकोच होतं.

तेव्हा महिनाभर करून बघा, पण त्यातून आयुष्य बदलेल असं समजू नका. तुलना फोनने आणलेली नाही. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की आपण कुठे आहोत हे कळायला दुसरं माप नसलं की माणूस आपल्यासारख्याच माणसांकडे बघतो. परक्या अब्जाधीशाचं आपल्याला काही वाटत नाही, शेजारच्या बाकावर बसणारीचं वाटतं. फरक इतकाच की पूर्वी शेजारणीची बढती कळायची, तेव्हा तिच्या घरातलं भांडणही भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आता बढती तेवढी ऐकू येते, भिंतीपलीकडचं येत नाही.

एक सुचवते, करायला जड जाईल. ज्या मैत्रिणीची बातमी तुम्हाला सगळ्यांत जास्त टोचली, तिला फोन करा. अंगठा दाबून मोकळ्या होऊ नका. अभिनंदन करा आणि मग विचारा, “कशी आहेस?” आणि गप्प राहा. मी हे एकदा केलं होतं. माझ्याबरोबरच कामाला लागलेल्या एकीला संपादक केलं, आणि आठवडाभर मला धड झोप नव्हती. आठव्या दिवशी फोन केला. ती पाऊण तास बोलली, त्यातली चाळीस मिनिटं तिच्या आजारी भावाबद्दल. तिची खुर्ची मला हवी होती हे खोटं नाही, पण त्या रात्रीपासून ती खुर्ची डोक्यातून गेली. ती मैत्रीण मात्र राहिली.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा. पत्नी गेली, मुलगा दूरदेशी आहे. तुमच्या सदरात आणि सगळीकडेच फोन वाईट, फोन वाईट असं वाचतो आणि मन खट्टू होतं. नातवाला मी फोनवरच पाहतो. तो मला रोज एक चित्र दाखवतो. हे सोडायचं का?

उत्तर : काका, अजिबात नाही. या सदरातून तसा सूर गेला असेल, तर मी तुमची माफी मागते.

२०१० मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २,२५० प्रौढांना दिवसातून अधूनमधून अचानक विचारलं : आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, आणि कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. आणि मन भटकत असताना माणसं कमी सुखी होती. काम कुठलं चाललंय यापेक्षा मन त्यात आहे की नाही, याच्याशी सुखाचा संबंध जास्त होता. हे प्रश्न त्यांनी विचारले तेही फोनवरूनच!

नातू चित्र दाखवतो तेव्हा तुमचं मन कुठे असतं, ते तुमच्या पत्रावरून मला स्वच्छ दिसतं. उलट त्याला विचारा की काल काढलेल्या घराला आज खिडकी का नाही. आणि एखादं चित्र तुम्हीही काढून त्याला दाखवा.

प्रश्न : मी दहावीत आहे. बाबा सारखे म्हणतात फोन ठेव. पण मी त्यांना काही सांगायला गेले की ते स्वतः फोनमध्ये बघत ‘हं, हं’ करतात. परवा मी सांगता सांगता मध्येच थांबले. त्यांना कळलंच नाही. मी आता त्यांना काही सांगणार नाही असं ठरवलंय. बरोबर आहे ना?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी सगळ्यांत शेवटी उत्तरासाठी घेतलं, कारण ते वाचल्यावर मला पेन हातात धरवेना.

माझे वडील एका संध्याकाळी मला त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगत होते. त्यांच्या घरापाशी नदीचं पाणी चढत होतं. सगळे उंचावर जायच्या गडबडीत, आणि त्यांची धाकटी बहीण हटून बसली की बकरीला घेतल्याशिवाय मी येणार नाही. मग वडिलांनी आणि तिने मिळून त्या बकरीला छपरावर चढवलं. इथवर मी ऐकलं. तेवढ्यात माझ्या फोनवर कामाचा निरोप आला. तातडीचा नव्हता. मी वाचायला लागले आणि तोंडाने ‘हं’ म्हणत राहिले. काही वेळाने जाणवलं की खोलीत आवाज नाही. वर पाहिलं. वडील खिडकीकडे बघत बसले होते. त्यांनी बोलणं केव्हाच थांबवलं होतं, आणि मी त्यानंतरही निदान दोनदा ‘हं’ म्हटलं होतं.

“पुढे?” मी विचारलं. “काही नाही गं, असंच,” म्हणाले आणि उठले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

आज वडील नाहीत, ती आत्याही नाही. बकरीचं पुढे काय झालं, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. माझ्या मनात ती अजून छपरावरच उभी आहे.

म्हणून सांगते, तू गप्प राहायचं ठरवलंस त्यात तुझी चूक नाही, पण ते बरोबरही नाही. तुझ्या बाबांना कळलं नाही, म्हणजे त्यांना पर्वा नाही असं नसतं. मला वडिलांची किती पर्वा होती, हे माझं मला माहीत आहे. त्या क्षणी मी तिथे नव्हते, एवढंच. आणि आपण तिथे नाही आहोत हे त्या माणसाला आतून कळत नाही. बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं.

सांगायचं मात्र गोष्ट सुरू करण्याआधी, मध्यावर चिडून नको. ते मोकळे असतील अशी वेळ बघ आणि म्हण, “बाबा, मला दहा मिनिटं बोलायचंय. आपण दोघांचेही फोन आतल्या खोलीत ठेवूया का?” दोघांचेही, हे महत्त्वाचं. नुसता उलटा करून शेजारी ठेवलेला नको, हात जातोच. ते ‘आत्ता नको’ म्हणाले, तर कधी, ते विचार आणि त्या वेळेला जा. तेवढं करूनही जमलं नाही, तर तुझं पत्र आणि हे उत्तर त्यांच्या खुर्चीवर ठेव.

एक राहिलं. परवा तू मध्येच थांबलीस ती गोष्ट कशाची होती, ते पत्रात लिहिलंच नाहीस. आधी बाबांना सांग, शेवटापर्यंत. मग जमलं तर मलाही लिही. मी वाट बघते.